गिअरबॉक्स गेला, असं म्हणण्याआधी

मोटारदुरुस्तीच्या धंद्यात सगळ्यांत महाग पडणारे शब्द दोनच. ‘गिअरबॉक्स गेला.’ ते कानावर पडले की गाडीमालकाचा चेहरा उतरतो. गिअरबॉक्स खाली उतरवायचा, उघडायचा, आतल्या क्लचच्या चकत्या आणि सील बदलायचे, पुन्हा वर चढवायचा. गाडी आठवडेच्या आठवडे गॅरेजात पडून राहते. गाडी जुनी असेल, तर तिच्या किमतीइतका खर्च तिच्यावरच होऊन बसतो.

मी इंग्लंडमध्ये, मिडलँड्स भागात, वीसेक वर्षं जुन्या गाड्यांच्या दुरुस्तीचं काम केलं. हा निकाल कपाळावर घेऊन आलेल्या बऱ्याच गाड्या माझ्या हातांखालून गेल्या. त्यांतल्या एकाच तक्रारीबद्दल मी आज बोलणार आहे. ती म्हणजे, ‘किकडाउन होत नाही.’ या तक्रारीत अनेकदा गिअरबॉक्स शाबूत असतो. वाटेत अडकलेला असतो तो त्याच्याकडे जाणारा निरोप.

किकडाउन म्हणजे काय?

घाट चढणाऱ्या एसटीचा ड्रायव्हर आठवा. चढ लागला, गाडी दमायला लागली, की तो क्लच दाबून खालचा गिअर टाकतो. इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडीला जोर येतो. ऑटोमॅटिक गाडीत क्लचचं पेडल नसतं. गिअर गाडी आपली आपणच बदलते. मग ड्रायव्हरला एकाएकी जोर हवा असेल, पुढचा ट्रक ओलांडायचा असेल, तर त्यानं गाडीला सांगायचं कसं? त्याच्या पायाखाली एकच साधन असतं, अॅक्सिलरेटर. तो त्यानं तळापर्यंत दाबायचा. गाडी समजते, आपणहून खालच्या गिअरमध्ये येते आणि उसळून पुढे जाते. यालाच किकडाउन म्हणतात. लाथ मारून खाली उतरवणं, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ.

ही काही हौसेची सोय नाही. दुपदरी रस्त्यावर तुम्ही ओव्हरटेक करायला बाहेर पडता, तेव्हा समोरून येणारी गाडी किती लांब आहे आणि आपली गाडी किती सेकंदांत पुढे जाईल, याचा हिशेब मनात झालेला असतो. त्या हिशेबात किकडाउन धरलेलं असतं. पाय तळाला टेकला आणि गाडी वरच्याच गिअरमध्ये घुमत राहिली, तर तो हिशेब रस्त्याच्या मधोमध चुकतो. म्हणून ‘जुनीच गाडी आहे, चालायचंच’ असं म्हणून हा बिघाड सोडून देऊ नये.

उदाहरणाची गाडी

समजावून सांगण्यासाठी मी एक नेमकी गाडी घेतो. जग्वार एक्सजे-एस. १९७५ मध्ये ती बाजारात आली आणि १९९६ पर्यंत बनत राहिली. त्या काळात सुमारे एक लाख पंधरा हजार गाड्या तयार झाल्या. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातल्या ब्राउन्स लेन इथल्या कारखान्यात ती तयार होई. पुढे २००८ मध्ये टाटा मोटर्सने जग्वार विकत घेतली, त्यामुळे हे नाव आपल्याकडेही घरोघरी पोचलं.

या गाडीत बारा सिलिंडरचं ५.३ लिटरचं इंजिन असे. बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक होत्या. १९७७ पासून या बारा सिलिंडरच्या गाडीत जनरल मोटर्सचा ‘टर्बो-हायड्रामॅटिक ४००’ हा तीन गिअरचा अमेरिकन गिअरबॉक्स बसवू लागले. हा गिअरबॉक्स १९६४ पासूनचा, आणि इतका भरवशाचा की रोल्स-रॉइस आणि फेरारीनेही आपल्या काही गाड्यांसाठी तोच घेतला. त्यामुळे आज जे सांगतो आहे, ते एका गाडीपुरतं नाही.

मात्र एक खबरदारी पहिल्यांदाच घ्यावी. आपल्या गाडीत कुठला गिअरबॉक्स आहे, याची खात्री करून घ्यावी. याच एक्सजे-एसच्या सहा सिलिंडरच्या ऑटोमॅटिक गाडीत जर्मनीच्या झेडएफ कंपनीचा चार गिअरचा बॉक्स होता. त्यांतल्या काही गाड्यांत किकडाउनचा निरोप विजेनं जात नाही, एका केबलनं जातो. बाहेरून गाडी तीच दिसते, पण तपासणी सगळी बदलते.

आतली रस्सीखेच

आता या गिअरबॉक्सच्या पोटात काय चालतं ते पाहू. त्यात तेल असतं आणि सगळा कारभार तेलाच्या दाबावर चालतो. गिअर कधी बदलायचा, हे ठरवण्यासाठी आत एक रस्सीखेच चाललेली असते.

एका बाजूला असतो गव्हर्नर. गाडीचा वेग वाढला की त्याची फिरणारी वजनं बाहेर फेकली जातात आणि तेलाचा दाब वाढतो. तो म्हणतो, ‘वेग आलाय, वरचा गिअर टाका.’ दुसऱ्या बाजूला असतो मॉड्युलेटर. हा एक छोटा डबा, त्याच्या आत पडदा आणि त्याला इंजिनाकडून आलेली व्हॅक्यूमची नळी. अॅक्सिलरेटर हलका असला की इंजिनाचं व्हॅक्यूम जोरदार असतं. पाय दाबला की ते कमी होतं. त्यावरून मॉड्युलेटर इंजिनावरचा भार ओळखतो आणि म्हणतो, ‘थांबा, इंजिनावर भार आहे, एवढ्यात वर जाऊ नका.’ या दोघांत जो जिंकेल, त्याप्रमाणे झडप सरकते आणि गिअर बदलतो.

किकडाउन म्हणजे या खेळात ड्रायव्हरनं दिलेला जादा हिसका. अॅक्सिलरेटर अगदी शेवटाला पोचला की इंजिनावरच्या थ्रॉटलच्या यंत्रणेपाशी असलेलं एक छोटं बटन दाबलं जातं. त्या बटनातून १२ व्होल्टची वीज एका वायरनं गिअरबॉक्सच्या आतल्या सोलेनॉइडपर्यंत जाते. सोलेनॉइड म्हणजे तारेचं वेटोळं. वीज आली की त्याचं लोहचुंबक बनतं. आपल्या दारावरची ‘टिंग टाँग’ वाजणारी बेल याच तत्त्वावर चालते. इथे तो घंटी न वाजवता तेलाची एक वाट उघडतो, दाब पालटतो आणि झडपेला खालच्या गिअरकडे ढकलतो.

म्हणजे पायापासून गिअरपर्यंतची साखळी अशी : पेडल, केबल, थ्रॉटल, बटन, वायर, सोलेनॉइड, तेलाची झडप आणि शेवटी क्लच व पट्टे. यातली पहिली पाच कडी गिअरबॉक्सच्या बाहेर आहेत. तिथे हात पोचतो, डोळा पोचतो. असं असताना ‘गिअरबॉक्स उघडा’ इथून सुरुवात करायची, म्हणजे पत्र आलं नाही म्हणून ज्याला ते पाठवलं त्याच्याच घराच्या भिंती फोडण्यासारखं आहे.

आधी रोग ओळखा

तपासणीआधी दोन गोष्टी स्पष्ट करून घ्याव्यात.

पहिली, तक्रार खरी आहे का? प्रत्येक गिअरबॉक्सला वेगाची एक मर्यादा असते. त्या वेगाच्या वर तो खालचा गिअर घेत नाही, कारण घेतला तर इंजिन मर्यादेपेक्षा जास्त फिरेल. गाडी भरधाव असताना किकडाउन झालं नाही, तर तो दोष नव्हे, ती शहाणपणाची सोय आहे. उलट बारा सिलिंडरच्या इंजिनाला इतका जोर असतो की वरच्या गिअरमध्येसुद्धा गाडी बरी पळते. किकडाउन बंद पडून वर्षं झाली तरी काही मालकांना पत्ता नसतो.

दुसरी, हातानं गिअर खाली येतो का? मोकळ्या रस्त्यावर, माफक वेगात, गिअरचा दांडा ‘डी’वरून ‘२’वर ओढून पाहावा. गाडी झटक्यात, न घसरता दुसऱ्या गिअरमध्ये आली, तर फार मोठी बातमी मिळाली. दुसरा गिअर धरणारे आतले क्लच आणि पट्टे काम करताहेत. गिअरबॉक्सला खाली उतरता येतं. त्याला फक्त ‘उतर’ असं कोणी सांगत नाही. इंजिन नुसतंच भणाणलं आणि गिअर धरलाच नाही, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे आतल्या झिजेचा संशय घ्यावा लागतो.

याच वेळी तेल पाहावं. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून, सपाट जागी, दांडा ‘पी’वर, इंजिन चालू ठेवून पट्टी काढायची. तेल लालसर आणि स्वच्छ हवं. ते काळपट झालं असेल, जळका वास येत असेल, तर क्लचच्या चकत्या जळल्याचं लक्षण आहे. मग पुढची सगळी तपासणी त्या नजरेनं करावी लागते.

स्वस्तापासून महागाकडे

आता साखळी एकेक कडी धरून तपासायची. क्रम असा की आधी फुकटचं, मग स्वस्त आणि शेवटी महाग.

सुरुवात पायाखालच्या मॅटपासून करा. हसू नका. जाड गालिचा, त्यावर रबरी मॅट, त्यावर आणखी एक मॅट, असे थर चढले की पेडल तळाला पोचतच नाही. मॅट काढून पाहा.

मग इंजिन बंद ठेवून एकाला आत बसवा आणि पेडल पूर्ण दाबायला सांगा. आपण बॉनेट उघडून थ्रॉटल पाहायचा. तो पूर्ण उघडतो का? केबल ताणलेली असेल, सांध्यांतले बुश झिजले असतील, तर थ्रॉटल थोडा अलीकडेच थांबतो. मग बटनही दाबलं जात नाही आणि इंजिनाची पूर्ण ताकदही मिळत नाही. नुसती केबल जुळवून दोन्ही तक्रारी मिटल्याची उदाहरणं आहेत.

यानंतर वीज. चावी चालू, इंजिन बंद. आधी फ्यूज पाहा. मग बटनाच्या एका टोकाला वीज येते का आणि बटन दाबल्यावर दुसऱ्या टोकातून बाहेर पडते का, ते पाहा. या गाडीत हे सगळं इंजिनाच्या दोन रांगांच्या मधल्या खोबणीत असतं आणि तिथली उष्णता भयंकर. वर्षानुवर्षं भाजून प्लॅस्टिक ठिसूळ होतं, वायरीचं आवरण बिस्किटासारखं तुटतं. यात कारखान्याला दोष देण्यात अर्थ नाही. चाळीस वर्षांनी कुठलीही वायर थकणारच.

इथे एक बारकावा सांगतो. विजेची तपासणी नुसत्या डिजिटल मीटरवर सोडू नका. वायरीतला तांब्याचा एकच धागा शिल्लक असला, तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. सोलेनॉइड मात्र ओढतो, आणि तिथे तो एकुलता धागा अपुरा पडतो. म्हणून साधा बारा व्होल्टचा दिवा लावून पाहावं. दिवा झगझगीत लागला तर वायर खरी. मिणमिणला तर वाटेत कुठेतरी गळती आहे.

शेवटी गिअरबॉक्सच्या बाजूचं कनेक्टर. ते काढून साफ करा. तेल-चिखलानं तिथे गंज चढलेला असतो. मग बॅटरीवरून फ्यूज लावलेली वायर घेऊन सोलेनॉइडला क्षणभर थेट वीज द्या. आतून ‘टक’ असा आवाज आला, तर निदान सोलेनॉइड हलतो आहे. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका. पक्क्या स्टँडवर गाडी ठेवा, चाकांना अडसर लावा आणि इंजिन थंड होऊ द्या.

दिव्याची साक्ष

या सगळ्यांत मला सर्वांत उपयोगी वाटलेली युक्ती अगदी साधी आहे. सोलेनॉइडच्या वायरीला एक जोडवायर लावायची, ती गाडीच्या आत आणायची आणि तिच्या टोकाला छोटा दिवा जोडून त्याचं दुसरं टोक अर्थ करायचं. मग गाडी मोकळ्या रस्त्यावर न्यायची. दिव्याकडे शेजारच्यानं बघायचं, ड्रायव्हरनं रस्त्याकडे. पाय तळाला गेला आणि दिवा लागला, पण गिअर उतरला नाही, तर निरोप दारापर्यंत पोचला, दोष आत आहे. दिवा लागलाच नाही, तर दोष बाहेर आहे. एका दिव्यानं सगळी साखळी मधोमध दुभंगते आणि अर्धी तपासणी वाचते.

याचं महत्त्व एका गाडीनं मला पक्कं शिकवलं. तिचे मालक निवृत्त शिक्षक होते. एका दुपदरी रस्त्यावर ट्रक ओलांडायला ते बाहेर पडले, पाय दाबला आणि गाडी उसळलीच नाही. समोरच्या गाडीवाल्यानं ब्रेक मारले म्हणून निभावलं. एका गॅरेजने त्यांना सांगितलं, गिअरबॉक्स पूर्ण उघडावा लागेल. तो खर्च त्यांच्या पेन्शनीत बसणारा नव्हता. गाडी विकायची, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. माझ्याकडे ते केवळ दुसरं मत घ्यायला आले होते.

हातानं गिअर खाली व्यवस्थित येत होता. तेल लाल होतं. पेडल ठीक, थ्रॉटल ठीक, बटन ठीक. उभ्या गाडीत पेडल दाबलं की गिअरबॉक्सपाशी वीज पोचत होती, ‘टक’ आवाजही येत होता. म्हणजे कागदावर बाहेरचं सगळं पास. इथे थांबलो असतो, तर दोष आत आहे असंच कुणीही म्हटलं असतं. पण दिवा लावून रस्त्यावर गेलो तेव्हा तो लागला नाही. उभ्या गाडीत लागणारा दिवा चालत्या गाडीत लागत नव्हता.

कारण उभ्या आणि चालत्या गाडीत एक फरक असतो. इंजिन जोर लावतं तेव्हा ते आपल्या रबरी आधारांवर एका बाजूला कलतं. बटन इंजिनावर, आणि त्याला वीज आणणारी वायर गाडीच्या सांगाड्याकडून येणारी. इंजिन कललं की ती ताणली जात होती. एकाला पेडल दाबायला सांगून मी ती वायर हातानं हलवली, तर दिवा लुकलुकू लागला. आवरणाच्या आत तांबं तुटलेलं होतं. टोकं एकमेकांना टेकलेली असेपर्यंत वीज वाहायची, जोर लागला की तुटायची. म्हणजे ज्या क्षणी गरज, नेमक्या त्याच क्षणी निरोप बंद.

उष्णता सोसणारी नवी वायर, थोडी सैल सोडून, बसवली. दुपारच्या आत काम झालं. गिअरबॉक्सचा एक बोल्टही हलवावा लागला नाही. पुन्हा रस्त्यावर नेली, दिवा लागला आणि गाडी उसळली. शिक्षकांनी गाडी विकली नाही.

दोष आत असेल तर

दिवा लागूनही गिअर उतरत नसेल, तरीसुद्धा लगेच गिअरबॉक्स खाली काढायची गरज नसते. ‘४००’मध्ये सोलेनॉइड तळच्या तेलाच्या तसराळ्याच्या वर बसवलेला असतो. तेल काढून तसराळं उतरवलं की तो हाताशी येतो. त्याच वेळी फिल्टर बदलता येतो आणि तसराळ्यात काय साचलंय तेही पाहता येतं. थोडी काजळी असणं नेहमीचं. धातूचे चकचकीत तुकडे दिसले, तर मात्र मोठ्या दुरुस्तीची तयारी ठेवावी.

मॉड्युलेटरचा पडदा फाटण्याची लक्षणं वेगळी असतात. गिअर उशिरा आणि धक्का देऊन बदलतात, गिअरबॉक्सचं तेल व्हॅक्यूमच्या नळीतून इंजिनात ओढलं जातं आणि मागून धूर येतो. नळी काढून पाहिली आणि तिच्यात तेल सापडलं, तर दोष सापडला. आणि बटन दाबलेल्या अवस्थेतच अडकलं, तर उलटा प्रकार होतो. हलक्या पायानं चालवतानासुद्धा गाडी प्रत्येक गिअर ताणत राहते. लक्षण नीट ऐकलं, तर ते बिघाडाच्या जागेकडे बोट दाखवतं.

आपल्या गाडीसाठी

तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कुठे जग्वार आहे? खरं आहे. पण आपल्या शहरांत ऑटोमॅटिक गाड्या आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. त्यांत बटनाच्या जागी पेडलापाशी सेन्सर असतो आणि निर्णय संगणक घेतो. तरी साखळी तीच. पाय सांगतो, निरोप जातो, गिअरबॉक्स ऐकतो. काही गाड्यांत पेडलाच्या शेवटी पायाला हलकीशी ‘टक’ जाणवते. ती किकडाउनची खूण. आणि तिच्या वाटेत येणारी जादा मॅट आपल्याकडेही तितकीच असते.

म्हणून गॅरेजात जाण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून न्या. तक्रार कुठल्या वेगाला येते, गाडी गार असताना की तापल्यावर, कुठल्या कामानंतर सुरू झाली आणि हातानं गिअर खाली येतो की नाही. आणि कोणी ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणालं, तर रागावू नका, घाबरूही नका. शांतपणे एवढंच विचारा, ‘त्याच्यापर्यंत निरोप पोचतो का, ते गाडी चालती ठेवून तपासलंत का?’ चांगला मेकॅनिक या प्रश्नानं नाराज होणार नाही. तो दिवा शोधायला उठेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)